रेडिओच्या डोळ्यावरचं कुंकू

परवा नात माझ्यावर खेकसली. "आजी, फोन काय नाकाला लावून बसलीस? अक्षरं मोठी करून दिलीत ना मी तुला!" दिलीत खरी. एकेक अक्षर लाडवाएवढं केलंय पोरीनं. पण सवय ती सवय. उजेडाची काच समोर आली की माझी मान आपोआप पुढे जाते, आणि नाक काचेला टेकल्याशिवाय मला दिसल्यासारखं वाटतच नाही. नात हसली, मीही हसले, आणि मग उगाचच न्हाणीघरात जाऊन तोंडावर पाणी मारून आले. काचेला नाक लागल्याचं कुणी बोललं की अजूनही माझी कानशिलं तापतात. आता पिकलं पान झालेय, तरी तापतात. का, ते नातीला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

आमचं घर मुर्रीला, गोंदियाच्या अगदी कडेला, जिथे दुकानं संपून धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, सुरू होतात तिथे. बाबूजींची, म्हणजे माझ्या वडिलांची, थोडी भातशेती होती, आणि सुगीनंतर ते गोंदियाच्या मिलवाल्यांना धान मिळवून द्यायचे. त्यामुळे घरात सदा धानाचा वास, कोंड्याची धूळ आणि माणसांची ये-जा. पहाटे राइस मिलचा भोंगा वाजायचा, त्याच्या मागोमाग स्टेशनातल्या इंजिनांच्या शिट्ट्या, आणि त्या सगळ्यांवर चढ म्हणून माझ्या मायचा आवाज. माय सकाळी रात्रीच्या भातात ताक घालून कांदा फोडून द्यायची. सणावाराला लाखोरीच्या डाळीचे वडे. त्या वड्यांचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत जायचा, आणि कोण पाहुणा आलाय याची चौकशी सुरू व्हायची. मिलला विजेची तार आली तेव्हा ती आमच्या परसावरूनच गेली, म्हणून आमच्या घरीही दिवा आला. आणि ज्या शेठजींची मिल होती त्यांनी नवा रेडिओ घेतला तेव्हा त्यांचा जुना बाबूजींकडे आला. लोक त्याला 'रेडू' म्हणायचे. संध्याकाळी आमच्या ओसरीवर बसायला जागा उरायची नाही.

आजच्या पोरांना तो रेडिओ दाखवला तर ती त्याला कपाट म्हणतील. लाकडाची चांगली थोरली पेटी. पुढे आडवी काच, काचेवर गावांची नावं इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत. कुणाच्या सोयीसाठी ती तशी लिहिली होती देव जाणे. बटण दाबलं की आधी काचेमागे पिवळा उजेड यायचा, आणि मग बराच वेळ काहीच नाही. नवखा माणूस म्हणायचा, बंद पडला. आणि मग काचेच्या वर जो एक काळा, गोल, रुपयाएवढा डोळा होता त्यात हळूहळू हिरवं उगवायचं. त्या हिरव्यात एक काळी फट असायची. कान पिळत, म्हणजे बाजूची खुंटी फिरवत, काटा नेमक्या जागी आणला की फट मिटत जायची आणि डोळा पुरता हिरवा व्हायचा. तो मिटला की आवाज स्वच्छ. बंद असताना मात्र तो नुसता काळा गोल, डोळाबिळा काही वाटायचा नाही. हे मुद्दाम सांगून ठेवते.

माझी नजर लहानपणापासून अधू. हाताच्या अंतरापलीकडचं सगळं मला पेजेसारखं दिसायचं, पातळ आणि पांढरट. आणि इतरांना तसं दिसत नाही हे मला बरीच वर्षं ठाऊकच नव्हतं! मला वाटायचं, जग हे असंच असतं आणि लोक हुशार असतात म्हणून त्यांना फळ्यावरचं कळतं. मास्तरांनी मला मठ्ठ ठरवून टाकलं होतं. मग एकदा त्यांच्याच लक्षात आलं की पुस्तक नाकाशी धरलं की ही पोरगी घडाघडा वाचते, आणि ते घरी येऊन बाबूजींना म्हणाले, हिला चष्मा लावा. बाबूजींनी मान डोलावली. पण मास्तरांची पाठ फिरायची खोटी, मायच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "चस्मेवाली पोरगी कोन करन जी? लोकं म्हणतीन, सून आणली का मास्तरीण आणली? आधी लगन होऊ द्या, मंग चस्मा लावा, दुर्बीण लावा, काय लावाचं ते लावा." बाबूजी काही बोलले नाहीत. त्यांचं न बोलणं म्हणजे होकार असं आमच्या घरी धरून चालायचे. तेव्हापासून माझी नजर ही झाकून ठेवायची गोष्ट झाली. पाहुण्यांसमोर डोळे बारीक करायचे नाहीत, तांदूळ निवडताना नाक सुपात घालायचं नाही, कुणी लांबून हात केला तर ओळख पटो न पटो, हसायचं. मला माझीच लाज वाटायला लागली ती तेव्हापासून, आणि एकदा लागली की काय सुटते होय!

त्या सगळ्या पेजेत एकच गोष्ट मला लांबून दिसायची, ती म्हणजे रेडिओचा हिरवा डोळा. गावांची नावं माझ्या कामाची नव्हती, पण काळी फट मिटली की ते हिरवं जास्त उजळायचं, आणि एवढं मी ओसरीच्या दुसऱ्या टोकावरूनही सांगायची. घरातल्या कुणाला तो रेडिओ माझ्याइतका नीट लावता यायचा नाही. माय खुंटी अशी पिळायची की जणू धुणंच पिळतेय. संध्याकाळ झाली की बाबूजी हाक मारायचे, "कौशे, लाव बरं." मी लावायची, आणि जमलेली माणसं म्हणायची, पोरगी मोठी हुशार हाय जी. काय सांगू, त्या शब्दांवर मी जगत होते.

मामाने केशोरी गावचं स्थळ आणलं. घर शेतीचं, खाऊन-पिऊन सुखी. मुलगा शिकलेला. मामा बोलण्यात पटाईत, त्याने तिकडे सांगून ठेवलं, पोरगी सातवी पास हाय, घरातला रेडू तीच लावते. पण तिकडची एक बातमीही त्याने आणली. मुलाची आत्या मोठी कडक, मुलगी बघायला गेली की पिशवीतून सुई-दोरा काढते आणि म्हणते, ओव. उभ्याने, हात लांब करून. हे ऐकून मायच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. नाकाजवळ धरून मी अंधारातसुद्धा सुई ओवली असती, पण हात लांब करून? त्या रात्री माय-बाबूजींचं काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी बाबूजींनी मला रेडिओपाशी बोलावलं. त्यांच्या बोटावर कुंकू होतं. त्यांनी काचेवर, नागपूर जिथे लागतं त्या जागी, कुंकवाचा एक ठसठशीत ठिपका लावला.

"हे पाय, कौशे. काटा ह्या लालावर आला का थांबाचं. मंग हिरवा डोळा मिटला का झालं. मान नाही वाकवाची."

"आन् सुई?"

"सुईचं मी पाहून घेतो. रेडू लावला का कोन सुई मागते?" मग म्हणाले, "कोनाले सांगू नोको. मामीलेबी नाही."

आम्ही दोघं चार-सहा संध्याकाळी बसलो. मी ताठ उभी, हात पुढे, खुंटी फिरवतेय. ते मागे उभे. माझी मान जरा पुढे गेली की खाकरायचे. लाल ठिपका मला धूसर दिसायचा, पण दिसायचा, आणि हिरवं तर दिसायचंच. जमायला लागलं. बाबूजी आणि मी इतका वेळ एकत्र कधी बसलो नव्हतो. खोटेपणा चालला होता हे दोघांनाही कळत होतं, पण खरं सांगते, मला ते दिवस फार आवडले.

पाहुणे यायचे त्या सकाळी मामी मदतीला आली. मामी जिवाची चांगली, कामाची वाघीण. तिने सडा घातला, उंबरठा धुतला. शुभ कामाला घरातल्या मानाच्या वस्तूंना कुंकवाची बोटं लावायची आमच्याकडे रीत, म्हणून तिने जात्याला लावली, धान मोजायच्या पायलीला लावली, आणि ओसरीवर आल्यावर तिला रेडिओ दिसला. घरातली सगळ्यांत मानाची वस्तू ती. तिच्यावर कुणीतरी एकच ठिपका लावून सोडून दिलेला! मामीने त्याच्या ओळीत दोन्ही बाजूंना आणखी बोटं लावली. आणि वरती तो काळा गोल रिकामा दिसला, तर तिथे भरून टिळा लावला. चांगला जाड, तेलात कालवलेला. कपाळासारखी जागाच ती, तिथे नाही लावायचा तर कुठे? आम्ही कुणी बघितलं नाही. मी आत मायची ठेवणीतली साडी सावरत होते, बाबूजी पाहुण्यांना आणायला फाट्यावर गेले होते.

पाहुणे आले. मुलगा, त्याचे वडील आणि आत्याबाई. वडे झाले, चहा झाला. आत्याबाईंनी 'टुरी', म्हणजे पोरी, म्हणत नाव विचारलं, स्वैपाकाचं विचारलं, चालून दाखव म्हणाल्या. मी चालले. मग पिशवीची गाठ सोडल्याचा आवाज आला आणि बाबूजींनी सांगून ठेवल्याप्रमाणे मामा घाईने बोलला, "सुई कायले वो आत्याबाई? सुई तं कोनीबी ओवते. आमची पोरगी रेडू लावते, थेच पाहा ना." मुलाचे वडील म्हणाले, "हव, लावू द्या." मी उठले. मनात म्हटलं, लाल, मग हिरवं, मान नाही वाकवायची.

बटण दाबलं. पिवळा उजेड आला, आणि त्या उजेडात एक लाल नव्हता. लालांची रांगच होती. तरी म्हटलं, हिरवं येऊ दे, हिरव्यावरून लावीन. थांबले. हिरवं आलं नाही. आतून खरखर यायला लागली म्हणजे रेडिओ सुरू होता, पण डोळा काही उघडेना. मी खुंटी फिरवली. एका लालावर नुसती शिट्टी. पुढच्यावर कुणीतरी परक्या भाषेत पुटपुटत होतं. परत फिरवली तर खरखर. कानावर भरवसा ठेवला असता तर सापडलंही असतं, मला आज कळतं. पण मागे सगळी ओसरी बघत होती, आणि घाबरलं की माणूस आपल्या जुन्या सवयीकडेच धावतं. माझी मान पुढे गेली. बाबूजी खाकरले. मी ऐकलं, आणि तरी ती जातच राहिली. नाक काचेला टेकलं.

"अगो माय!" आत्याबाई म्हणाल्या. "टुरी पाहून राहिली का वास घेऊन राहिली?"

मी दचकून वळले. आणि हशा फुटला. मला कळेना काय झालं. माझ्या नाकाला कुंकू लागलं होतं, शेंड्यापासून वरपर्यंत. मुलगी पसंत पडली की मुलाकडच्या बाईने तिला कुंकू लावायचं, तो होकार. आत्याबाई हसत हसत म्हणाल्या, "कुंकू तं टुरीनं आपलं आपणच लावून घेतलं. आमच्यासाठी काही ठेवलंच नाही!" मग हसू ओसरलं आणि त्यांचा आवाज बदलला. "पोरीले दिसते ना जी नीट?"

आणि माझे बाबूजी, ज्यांच्या मापाला आणि शब्दाला गोंदियाच्या मिलवाल्यांनी कधी बोट ठेवलं नव्हतं, ते हात जोडून घाईघाईने म्हणाले, "दिसते, दिसते जी. पोरीची नजर घारीसारखी हाय. हा रेडूच बिघडला हाय. कालपासून असाच करून राहिला."

मुलगा उठला. बिचारा आल्यापासून खाली मान घालून बसला होता, त्याला वाटलं असेल, इथे आपण काहीतरी मदत करावी. "पाहू बरं जी," म्हणून तो पुढे आला. खिशातून रुमाल काढून त्याने तो वरचा गोल पुसला, खुंटी जराशी फिरवली, आणि ओसरीभर भजन सुरू झालं, स्वच्छ, टाळ-मृदंगासकट. मी बाजूला झाले होते, तरी मला डोळा दिसला. पुरता मिटलेला, हिरवागार. मुलगा आनंदाने म्हणाला, "बिघडला नाही जी. नुसतं कुंकू होतं त्याच्यावर."

आता कुणी हसलं नाही. हसले असते तर फार बरं झालं असतं. भजन चालू होतं आणि बंद करायला कुणी पुढे होईना. बाबूजींचे जोडलेले हात तसेच होते, ते सोडायचे कसे हे त्यांना सुचत नव्हतं. मुलाच्या वडिलांनी टोपी उचलली. "येतो जी मंग. कळवतो." उरलेले वडे ताटात निवत पडले होते. पदराने नाक पुसावं एवढंही मला भान नव्हतं. मी लाल नाकाने त्यांना वाकून नमस्कार केला, एकेकाला, आणि आत्याबाईंनी पाय जरा मागे घेतले.

त्यांनी काय कळवायचं! माय मामीवर तुटून पडली, मामी रडत घरी गेली. रेडिओवर चादर पडली. विहिरीवर पोरी मला बघून एकमेकींना म्हणायच्या, "आला आला, रेडू आला," आणि मी त्या निघून गेल्यावर पाणी भरायची. तेही सहन केलं असतं. पण माय एकदा भाकरी थापता थापता म्हणाली, "तुह्या बापानं जल्मात लबाडी नाही केली. तुह्या पायी केली, अन् पकडल्या गेला." ते मात्र आत जाऊन बसलं. बाबूजी माझ्याशी बोलेनासे झाले होते. "कौशे, लाव बरं" ही हाक बंद झाली ती झालीच. ते ओसरीच्या खांबाशी बसायचे, मी आत दाराशी, मधे अंगण. मी त्यांच्याकडे बघायची तर तिथे नुसता एक पांढरा धोतराचा ठिपका, न हलणारा. मला पक्कं ठाऊक होतं की तो ठिपका माझ्यावर रागावलेला आहे. आणि का नसावा? चारचौघांत त्यांना खोटं पाडलं ते माझ्याच नाकाने. इतकी लाज वाटायची की मरून जावं असं म्हणवत नाही, पण निदान दिसेनासं व्हावं असं रोज वाटायचं.

(पुढे माझं लग्न झालं, चष्म्यासकट झालं, चांगला संसार झाला. त्या केशोरीच्या मुलाचा मला कधी राग आला नाही. त्या ओसरीवर खरं बोलणारा तो एकटाच होता.)

धान चुरून, म्हणजे मळणी, झाल्यावर एके सकाळी बाबूजी दाराशी येऊन म्हणाले, "चाल, गोंद्याले." ते पुढे, मी मागे. डोळ्यांच्या डॉक्टरांनी माझ्या डोळ्यांवर एकामागून एक काचा धरल्या, आणि मग बाबूजींवरच उखडले. "इतने साल क्या कर रहे थे आप? बच्ची को सामने का आदमी नहीं दिखता, और आप बैठे हैं!" बाबूजींनी टोपी काढून हातात घेतली होती. "गलती हो गयी, साहब," ते म्हणाले. मला वाटलं, झालं, इथेही माझ्यामुळे त्यांना मान खाली घालावी लागली. येतानाही ते पुढे, मी मागे.

चष्मा नागपूरहून करून आला. बाबूजींनीच तो आणला, डबी माझ्या हातात दिली आणि अंगण ओलांडून आपल्या खांबाशी जाऊन बसले. मी दाराशी बसून तो लावला. अंगणात वाळत घातलेल्या धानाचा दाणा न् दाणा वेगळा झाला. मायच्या टाचांच्या भेगा दिसल्या. आणि मग मी समोर बघितलं.

आमच्या काळी वाढती मुलगी बापाच्या तोंडाजवळ कशाला जाते? त्यांचा चेहरा असा अंगणाच्या पलीकडून मी जन्मात बघितला नव्हता. ते माझ्याकडेच बघत होते. राग कुठे होता त्यात! ओठ थरथरत होते, डोळे भरलेले, आणि एवढा थोरला माणूस शिक्षेला उभ्या केलेल्या पोरासारखा बसला होता. लाज वाटत होती त्यांना. माझी नव्हे, माझ्यासमोर त्यांना लाज वाटत होती. चार महिने ते तसेच तिथे बसले होते आणि मी त्याला राग समजत होते. माझा चष्मा त्यांच्याकडे वळलेला बघून त्यांनी झटकन मान खाली घातली. ज्याच्याकडे बघायचं नसतं असं काहीतरी मी बघितलं, आणि चोरी केल्यासारखं मला झालं.

"दिसते का वो पोरी?" त्यांनी जमिनीकडे बघतच विचारलं.

"जवळचं दिसते, बाबूजी," मी म्हटलं. "लांबचं अजून नाही दिसत."

"होईन हळूहळू," ते म्हणाले, आणि तेव्हा कुठे त्यांनी मान वर केली.